इस्त्रीवाल्याचे कप्पे, आणि बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की एमसीएच्या पहिल्या सेमिस्टरचा डेटा स्ट्रक्चर हा विषय, म्हणजे डेटा मेमरीत कसा मांडून ठेवायचा ते, पोरं घाबरतात तेवढा काही अवघड नाहीये, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की यावेळी दुसरं काही न घेता फक्त हाच विषय घेतेय. काही पत्रं फारच लांब होती, ती कापलीयेत, राग मानू नका. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण निम्म्या लोकांनी स्वतःच्याच सरांबद्दल लिहिलंय.

मॅडम, मी बीएस्सी केमिस्ट्री करून एमसीएला आलेय. सीईटी कशीबशी निघाली. वर्गात निम्मी मुलं बीसीए नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटरची आहेत, ती लेक्चरला माना डोलावतात आणि मी नुसती लिहून घेते. ब्रिज कोर्स झाला, पण त्यात पंधरा दिवसांत अख्खं सी उरकलं. आता पॉइंटर आला की माझं डोकं बंद पडतं. सी मध्येच शिकू की पायथन घेऊ? की हे आपलं कामच नाही? — एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. तुझंच काम आहे, सोडू नकोस. एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून दोन वर्षांचं झालं, त्यामुळे जे आधी हळूहळू शिकवलं जायचं ते आता पळत पळत होतं आणि तुझ्यासारख्या दुसऱ्या शाखेतून आलेल्या मुलांना धाप लागते, यात तुझ्या डोक्याचा काही दोष नाही. आणि मान डोलावणाऱ्यांचं म्हणशील तर मी गेली कित्येक वर्षं फळ्यासमोरून त्या माना बघतेय. त्यातल्या बऱ्याच जणांनी बीसीएला जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलेलं असतं, त्यांना शब्द ओळखीचे वाटतात म्हणून मान हलते. व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं की बाबा ही ओळ काढली तर काय होईल, की तीच मान खाली जाते.

सी की पायथन. माझं मत असं की लिंक्ड लिस्ट, स्टॅक आणि ट्री या डेटा ठेवायच्या तीन मांडण्या एकदा तरी सी मध्ये स्वतःच्या हाताने कर, नंतर काय वापरायचं ते वापर. पायथन वाईट आहे म्हणून नाही, पायथन फार सांभाळून घेतं म्हणून. तिथे लिस्टमध्ये कितीही टाकत जा, जागा कुठून आली, कोणी दिली, परत कोणी केली, काही कळत नाही, आणि हा विषय तर सगळा जागेचाच आहे. सी १९७२ च्या सुमाराला डेनिस रिची यांनी केलं, इतकं जुनं आहे, पण मेमरी जशी आहे तशी उघडी दाखवतं.

फक्त एक कर, तुमच्या लॅबमध्ये अजून ती टर्बो सी ची निळी स्क्रीन असेल तर घरी लॅपटॉपवर जीसीसी हा फुकटचा कंपायलर टाकून घे. टर्बो सी मध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, दोनच बाइटचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे आकडा मावतच नाही. त्यात ८ चं फॅक्टोरियल काढून बघ, यायला हवं ४०३२०, येतं उणे २५२१६. दरवर्षी दोनतीन मुलं हा आकडा घेऊन रडवेली होऊन येतात की मॅडम लॉजिक बरोबर आहे तरी असं का, आणि लॉजिक खरंच बरोबर असतं.

आणि पॉइंटरला, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलला, डोकं बंद पडतं त्याचं औषध म्हणजे चौकटीची वही. किराणा दुकानातून आण, साधी. प्रोग्राम रन करायच्या आधी वहीत प्रत्येक व्हेरिएबलचा एक रकाना पाड आणि एकेक ओळ हाताने चालव, ही ओळ झाली आता पी मध्ये काय, ही झाली आता क्यू मध्ये काय. अर्धा तास लागतो एका दहा ओळींच्या प्रोग्रामला. पहिले आठ दिवस चिडचिड होईल. तू केमिस्ट्रीची आहेस, टायट्रेशन करताना रीडिंग लिहून घ्यायची सवय आहे तुला, बीसीएवाल्यांना ती नसते, तिचा फायदा घे.

नमस्कार. माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आता कॉम्प्युटरच्या मास्टर्सला आहे. फी भरली, लॅपटॉप घेऊन दिला. आणि हा रात्री बारा-बारापर्यंत लॅपटॉप बंद ठेवून कागदावर चौकोन काढतो आणि त्यांना बाण जोडतो! खोडतो, परत काढतो. विचारलं तर म्हणतो अभ्यास करतोय. मी बँकेत तीस वर्षं काढली, मला यातलं कळत नाही, पण हा प्रोग्रामिंगचा अभ्यास आहे का हे तुम्ही सांगा. — एक बाबा, सिंहगड रोड

बाबा, तुमचं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की या मुलाला आमच्या वर्गात पाठवा.

तो लिंक्ड लिस्ट करतोय. तुम्हाला सांगते काय असतं ते. समजा तुम्ही कसबा पेठेत एखाद्याचं घर शोधताय. कोपऱ्यावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो मला माहीत नाही, पण पुढे तो चहावाला आहे ना त्याला विचारा. चहावाला म्हणतो बोळात शिरा, तिथे एक सायकलचं दुकान आहे, त्यांना माहीत असेल. सायकलवाला पुढच्या वाड्यात पाठवतो. म्हणजे अख्खा रस्ता कुणालाच माहीत नाही, प्रत्येकाला फक्त पुढचा माणूस माहीत आहे, आणि तरी तुम्ही पोचता. तेच आहे. चौकोन म्हणजे माणूस, बाण म्हणजे त्याने दाखवलेलं बोट.

आता गंमत बघा. चहावाला आणि सायकलवाला यांच्या मध्ये एक नवीन पानवाला आला. तर आधी पानवाल्याला सांगायचं की बाबा तुझ्या पुढे सायकलवाला आहे, आणि मग चहावाल्याला सांगायचं की आता तू पानवाल्याकडे बोट दाखव. हेच उलटं केलं, म्हणजे चहावाल्याचं बोट आधी हलवलं, तर सायकलवाला कुठे होता ते सांगणारं जगात कुणी उरलंच नाही, तो आणि त्याच्या पुढचे सगळे गेले. दोन ओळींची अदलाबदल, एवढाच फरक. आणि हा फरक स्क्रीनवर बघून कळत नाही, कागदावर बाण खोडताना कळतो. तुमचा मुलगा खोडतोय ते हेच.

अजून एक सांगते, ही चौकोन-बाणाची चित्रं काही आमच्या पोरांची टूम नाही. लिंक्ड लिस्टची कल्पना नेवेल, शॉ आणि सायमन या तिघांनी अमेरिकेत १९५५-५६ च्या सुमाराला वापरात आणली, आणि नेवेल आणि शॉ यांच्या १९५७ सालच्या पेपरमध्ये चौकोन आणि बाणांचं हेच चित्र छापलेलं आहे. म्हणजे ज्यांनी ही गोष्ट काढली त्यांनासुद्धा कागदच लागला. तुम्ही बँकेतले, तेव्हा एक करा, त्याच्याशेजारी बसून एखाद्या बाणावर बोट ठेवा आणि विचारा, हा काढला तर पुढच्यांचं काय होणार? व्हाउचर तपासताना विचारायचात ना तसं. दोन दिवसांत तुम्हालाही आवडायला लागेल.

मॅडम अर्जंट आहे. लिंक्ड लिस्ट पूर्ण डिलीट करायचा प्रोग्राम, माझ्या लॅपटॉपवर सेगमेंटेशन फॉल्ट देतो आणि सेम टू सेम कोड रूममेटच्या लॅपटॉपवर चालतो. सबमिशन सोमवारी आहे. लॅपटॉप फॉरमॅट मारू का? — आकुर्डी

लॅपटॉपला हात लावू नकोस! तू पाठवलेल्या फोटोत सगळं दिसतंय. तुझ्या लूपमध्ये पहिली ओळ आहे, पी ला फ्री कर. दुसरी ओळ आहे, पी मधला पुढचा पत्ता घेऊन पी तिकडे ने. अरे, चिठ्ठी जाळून टाकलीस आणि मग तिच्यावर पुढचा पत्ता काय लिहिला होता ते वाचायला गेलास. आधी पुढचा पत्ता दुसऱ्या एका पॉइंटरमध्ये उतरवून ठेव, मग फ्री कर, मग उतरवलेल्या पत्त्यावर जा. तीन ओळी.

रूममेटच्या इथे चालतं कारण फ्री केलं म्हणजे ती जागा लगेच कोणी पुसून ठेवत नाही, फक्त रिकामी म्हणून नोंद होते, त्यामुळे जुनं लिहिलेलं कधीकधी तसंच राहतं आणि वाचता येतं. म्हणजे चूक त्याच्याकडेही आहे, फक्त पकडली गेली नाहीये. त्यालाही सांग. खरं तर जो क्रॅश होतो तो प्रोग्राम परवडला, हा गुपचूप चालणारा जास्त वाईट.

क्लास लावावा का? एका ठिकाणी साठ हजार सांगतायत, प्लेसमेंट गॅरंटी म्हणतायत. मैत्रीण म्हणते सीडॅक कर. — डेक्कन

गॅरंटी लेखी द्या म्हणावं, मग बघ चेहरा. माझ्या भाचीने अशाच एका क्लासला पैसे भरले होते, चार महिन्यांनी प्लेसमेंट म्हणून कॉल सेंटरच्या मुलाखतीचे मेसेज यायला लागले.

सीडॅक ही वेगळी गोष्ट आहे, तिची या क्लासशी तुलना करू नकोस. ती सरकारी संस्था, १९८८ साली पुण्यातच सुरू झाली, परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर १९९१ मध्ये तिथेच झाला. त्यांचा डॅक म्हणून जो डिप्लोमा आहे त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते, साधारण सहा महिने पूर्णवेळ, सकाळपासून रात्रीपर्यंत लॅब, आणि अल्गोरिदम आणि डेटा स्ट्रक्चर त्यात आहेच. पण तू आधीच एमसीएला असशील तर मध्येच ते सोडून तिकडे पळण्यात अर्थ नाही. एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयाची लेक्चर्स फुकट आहेत, ती बघ, साठ हजार आईला परत दे.

नमस्कार मॅडम, मी हिंजवडीत चार वर्षं डेव्हलपर आहे आणि आता नोकरी करून पार्ट टाइम मास्टर्स करतोय. पहिल्याच सेमला डेटा स्ट्रक्चर. खरं सांगू का, मला हा विषय वेळेचा अपव्यय वाटतो. लिस्ट, सेट, डिक्शनरी, सॉर्ट सगळं लायब्ररीत तयार असतं. चार वर्षांत मी एकदाही स्वतः ट्री लिहिला नाही. मग हे सगळं हाताने कशाला शिकायचं? — एक डेव्हलपर, वाकड

या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

तुम्ही म्हणताय ते अर्धं खरं आहे. सॉर्ट स्वतः लिहायची वेळ येत नाही आणि येऊही नये, पायथनचं जे सॉर्ट आहे ते टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलं आणि ते तुमच्यामाझ्यापेक्षा खूपच चांगलं आहे. पण तयार वस्तूंमधून कोणती उचलायची हे लायब्ररी सांगत नाही. माझाच किस्सा सांगते. शिकवायला लागायच्या आधी मी एका कंपनीत होते, नाव जाऊ दे. काम साधं होतं, ग्राहकांच्या दोन याद्या, दोन्हीकडे पाचेक लाख नोंदी, पहिल्या यादीतले कोण दुसऱ्या यादीत नाहीत ते काढायचं. मी पायथनमध्ये पाच ओळींत लिहिलं, पहिल्या लिस्टवर लूप आणि आत एक तपासणी की हा दुसऱ्या लिस्टमध्ये आहे का. शंभर नोंदींवर चालवून बघितलं, झटकन उत्तर आलं, खूश. खरा डेटा लावून जेवायला गेले. आले तर चालूच. चहा झाला, चालूच. चार वाजता साहेब येऊन उभे राहिले तरी चालूच, आणि मी आपली नेटवर्क स्लो आहे असं काहीतरी सांगतेय, प्रोग्रामचा नेटवर्कशी काडीचा संबंध नसताना.

पलीकडे बसणाऱ्या एका शांत मुलाने खुर्ची न हलवता विचारलं, दुसरी यादी लिस्टमध्ये आहे का? सेट कर की. मी एक शब्द बदलला. काही सेकंदांत संपलं. घरी जाताना बसमध्ये बसून हिशोब केला, पाच लाख गुणिले पाच लाख म्हणजे पंचवीस हजार कोटी तुलना, वाईटात वाईट धरलं तर. लिस्टमध्ये शोधायचं म्हणजे पहिल्यापासून एकेक बघत जायचं, दुसरा मार्गच नाही तिला. तुमच्यासारखंच मलाही तेव्हा सेट माहीत होता, तो आत काय करतो ते माहीत नव्हतं.

आत काय करतो ते मला आमच्या सोसायटीच्या इस्त्रीवाल्याने दाखवलं. आमची बिल्डिंग सात मजल्यांची, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे १०१ ते १०४, २०१ ते २०४, असे ७०४ पर्यंत अठ्ठावीस. खाली जिन्याजवळ त्याचं टेबल आणि मागे लाकडी मांडणी, दहा कप्प्यांची. सुरुवातीला त्याने हुशारी केली, फ्लॅट नंबरचा शेवटचा आकडा बघायचा आणि त्या नंबरच्या कप्प्यात गठ्ठा ठेवायचा, ३०२ चे कपडे दोनच्या कप्प्यात. कल्पना उत्तम, गठ्ठा शोधायला सगळी मांडणी उलथायला नको, नंबर ऐकला की हात थेट कप्प्यात. यालाच आमच्यात हॅशिंग म्हणतात, आणि ही कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली मांडली होती.

पण झालं काय, की आमच्याकडे सगळ्या नंबरांचा शेवट १, २, ३ नाहीतर ४. त्यामुळे चार कप्प्यांत सात-सात घरांचे गठ्ठे कोंबलेले, वरचा काढताना खालच्याची घडी मोडायची, आणि बाकीचे सहा कप्पे रिकामे, त्यात तो आपला डबा आणि छत्री ठेवायचा! एका कप्प्यात दोन घरं आली की त्याला कोलिजन म्हणायचं, ते काही पूर्ण टळत नाही, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर तो फ्लॅट नंबरची चिठ्ठी टाचायचाच, म्हणजे कप्प्यात हात घातल्यावर चिठ्ठ्या बघून आपला कुठला ते कळावं. प्रश्न कोलिजनचा नव्हता, प्रश्न सगळी गर्दी चारच कप्प्यांत होत होती हा होता. पंधरा दिवसांनी त्याने स्वतःहून पद्धत बदलली, मजल्याप्रमाणे सात कप्पे, प्रत्येकात चार घरं. मी ते बघितलं आणि त्या दिवशी वर्गात गेल्यागेल्या फळ्यावर कप्पे काढले.

तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल की हॅश टेबलचा आकार मूळ संख्या घ्यावा, आणि तुम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं असेल. आता या अठ्ठावीस फ्लॅटना १० ने भागून बाकी काढा, आणि मग ७ ने भागून बाकी काढा. १० ला चारच कप्पे भरतात. ७ ला १०१ ची बाकी ३ येते, २०१ ची ५, ३०१ ची ०, असं करत सगळे अठ्ठावीस लिहा, बरोब्बर प्रत्येक कप्प्यात चार. पाच मिनिटांचं काम आहे, करा नक्की, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये बसल्याबसल्या होईल.

आणि सेट मिळाला म्हणून सगळीकडे सेटच असंही नाही. इस्त्रीवाल्याला ३०२ चे कपडे दे म्हटलं तर सेकंदात देईल, पण नंबर माहीत नाही, सगळ्यात मोठा गठ्ठा कुणाचा ते सांग म्हटलं तर बिचाऱ्याला सगळेच कप्पे बघावे लागणार. बँकेला एक तारखेपासून दहा तारखेपर्यंतचे व्यवहार क्रमाने हवे असतात, तिथे हॅशिंगचा उपयोग नाही, तिथे बी-ट्रीसारखं क्रम सांभाळणारं काहीतरी लागतं, आणि तुम्ही रोज जो डेटाबेस वापरता त्याचा इंडेक्स बहुतेक वेळा तसाच असतो. म्हणजे चार वर्षांत तुम्ही ट्री लिहिला नसेल, पण तुमच्या प्रत्येक क्वेरीखाली तो होता. तेव्हा आधी स्वतःला विचारायचं की या डेटाचं मी सगळ्यात जास्त वेळा काय करणार, शोधणार, टाकणार, काढणार, की क्रमाने वाचणार, आणि मग उचलायचं. हाताने शिकायचं ते यासाठी.

रिकर्शन डोक्यात शिरत नाही. फंक्शन स्वतःलाच कसं बोलावेल? — बिबवेवाडी

दगडूशेठला दर्शनाच्या रांगेत उभा आहेस, पुढे किती माणसं आहेत ते दिसत नाहीये आणि रांग सोडून जाता येत नाही. तू पुढच्याला विचारतोस, काका तुमच्या पुढे किती? त्यालाही माहीत नाही, तो त्याच्या पुढच्याला तोच प्रश्न विचारतो. प्रश्न सरकत सरकत सगळ्यात पुढच्या माणसापर्यंत जातो, तो म्हणतो माझ्या पुढे कोणी नाही, शून्य. मग उत्तर परत यायला लागतं, प्रत्येक जण आलेल्या आकड्यात एक मिळवून मागच्याला सांगतो, आणि तुझ्यापर्यंत बरोबर आकडा येतो. प्रत्येक माणूस तोच प्रश्न विचारतोय, पण माणूस वेगळा आहे, फंक्शनची प्रत्येक प्रत वेगळी असते तशी. आणि उत्तर येईपर्यंत मधले सगळे जण थांबून असतात, हे विसरू नकोस, ते थांबलेले म्हणजेच तुमच्या सरांनी सांगितलेला कॉल स्टॅक. आता रांग गोल फिरून स्वतःलाच जोडलेली असेल, म्हणजे शून्य म्हणणारा कोणी नसेल, तर काय होईल? तेच तुझ्या प्रोग्रामचं होतंय, स्टॅक ओव्हरफ्लो. थांबायची अट लिहायची राहिलीय, नव्वद टक्के तीच चूक असते.

असाइनमेंट एआयकडून करून घेतली तर चालेल का? सगळेच करतात. — नाव-गाव नको

सगळे करतात हे मला माहीत आहे, कमेंट्स इतक्या शुद्ध इंग्रजीत असतात की लगेच कळतं. जर्नल पूर्वी सीनियरकडून यायचं, आता इथून येतं, माझ्या दृष्टीने फरक एवढाच की सीनियरच्या जर्नलमध्ये निदान त्याच्या चुका तरी असायच्या. मी काय करते सांगू, प्रॅक्टिकलला कोड बघतच नाही. कोरा कागद देते आणि म्हणते १०, ५, २०, ३, ७ हे आकडे या क्रमाने बायनरी सर्च ट्रीमध्ये, म्हणजे लहान डावीकडे आणि मोठा उजवीकडे असं करत, टाकून दाखव, आणि मग ५ काढून टाक. काढताना दोन मुलं असलेला नोड, म्हणजे ज्याच्या खाली दोन फांद्या आहेत असा आकडा, येतो आणि तिथे एआय मदतीला नसतो. ते जमत असेल तर कोड कुठूनही आण, मी विचारणार नाही. आणि चुकलेला प्रोग्राम दाखवून माझं कुठे चुकलं ते समजावून सांग, असं त्याला विचारायला माझी काहीच हरकत नाही, मी पण विचारते.

आदरणीय मॅडम, गेल्या अंकात आपण बायनरी सर्च समजावताना मधला घटक काढायला 'लो अधिक हाय भागिले दोन' असं लिहिलंत. मी निवृत्त इंजिनिअर आहे, वय ७१. हे सूत्र चुकीचं आहे. तपासावं. — सहकारनगर

काका, पत्र वाचून आधी मी मनातल्या मनात म्हटलं की यात काय चूक, दोन टोकांची बेरीज करून निम्मं, सातवीतलं गणित. मग कागद घेतला आणि दोन मिनिटांत घाम फुटला. तुमचं बरोबर आहे.

ज्यांनी गेला अंक वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रमाने लावलेल्या यादीत शोधताना मधला घटक बघायचा, हवा तो लहान असेल तर डावा अर्धा घ्यायचा, मोठा असेल तर उजवा, असं निम्मं निम्मं करत जायचं. दहा लाखांच्या यादीत जास्तीत जास्त वीस वेळा बघावं लागतं. यात मधला घटक काढताना लो आणि हाय यांची बेरीज आधी होते, आणि यादी फारच मोठी असेल तर ती बेरीजच इंटमध्ये मावत नाही. चार बाइटच्या इंटची मर्यादा २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास, ती ओलांडली की बेरीज उणे होते आणि मधला घटक यादीच्या बाहेर कुठेतरी जातो. वर केमिस्ट्रीच्या मुलीला जे फॅक्टोरियल सांगितलं तोच हा रोग, दुसऱ्या कपड्यांत. आणि टर्बो सी मध्ये तर शंभर कोटींची वाट बघायलाच नको, सोळा-सतरा हजारांच्या अ‍ॅरेलाच हे होईल.

माझ्या समाधानासाठी एवढंच की मी एकटी नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये हीच चूक सुमारे नऊ वर्षं होती, आणि ती ज्यांनी लिहिली होती त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये जाहीरपणे लिहून सांगितलं की हो, चूक माझ्या कोडमध्ये आहे. तर सूत्र असं हवं, लो अधिक, कंसात हाय वजा लो, भागिले दोन. उत्तर तेच, पण मध्ये कुठेही आकडा हायच्या वर जात नाही.

फळ्यावरही मी इतकी वर्षं जुनंच लिहीत आलेय काका. सोमवारी साडेनऊचं लेक्चर आहे, पहिल्यांदा तेच पुसून नीट लिहिणार आहे, आणि कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर सहकारनगरचं नाव सांगणार आहे.